मुकादम घरीच राहिला

पोर्ट हॅरो शहराच्या ड्रेनेज खात्यात न्युंझिओ टालारिकोने एकोणचाळीस वर्षे काढली. बाविसाव्या वर्षी फावडे हातात घेऊन नोकरीला लागला आणि एकसष्टाव्या वर्षी मुकादम म्हणून निवृत्त व्हायच्या बेतात होता. एवढ्या वर्षांत कामावर उशीर नाही, साहेबाशी भांडण नाही, फाइलमध्ये औषधालासुद्धा ताकीद नाही. बुटका, रुंद खांद्यांचा, बोलायला बेताचा माणूस. कामावरून आला की कपडे गॅरेजमध्येच उतरवायचे आणि कोपरापर्यंत हात तीनदा धुवायचे, हा बायकोचा, लॉरेनचा, लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातला नियम त्याने कधी मोडला नाही. रस्त्यातल्या चेंबरच्या झाकणावरून गाडी गेली की नुसत्या आवाजावरून तो सांगे, खालची लाइन मोकळी आहे की भरत आली आहे. खात्यातले लोक त्यावर पैजा लावत आणि बहुधा हरत.

तो जन्मला टॅनरी स्ट्रीटवर आणि राहिलाही तिथेच. अडतीस घरांची ही उताराची गल्ली तळ्याच्या बाजूला संपते. जवळजवळ सगळी घरे दक्षिण इटलीत, कालाब्रियातल्या एकाच डोंगरी गावातून आलेल्या लोकांची. आजोबा कातडी कमवायला आले, मुले ओतकामाच्या कारखान्यात गेली, नातवंडे जिथे मिळेल तिथे. पण एक रीत तिन्ही पिढ्यांनी सोडली नाही. प्रत्येक घरात स्वयंपाकघरे दोन. वरच्यात लेसचे पडदे, चकचकीत ओव्हन आणि फळांची परडी. तिथे सहसा कोणी काडी पेटवत नसे. खरे स्वयंपाकघर तळघरात. जुना गॅस, दगडी मोरी, लांब टेबल आणि बारा माणसांच्या खुर्च्या. वरचे दाखवायला आणि खालचे जेवायला.

नगरपालिकेच्या कागदावर मात्र या अडतीस घरांत स्वयंपाकघरे अडतीसच होती. त्यालाही कारण होते. फार वर्षांपूर्वी, न्युंझिओ शाळेत असताना, पेलेग्रिनोच्या घरी शहराचा कोणी माणूस आला, तळघरात उतरला, चूल आणि मोरी बघून वहीत काही लिहून घेतले, आणि पुढच्या वर्षी पेलेग्रिनोची घरपट्टी भरमसाट वाढली. तेव्हापासून गल्लीने खूणगाठ बांधली: शहराचा माणूस उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही.

आता टॅनरी स्ट्रीटखालची मातीची लाइन शंभर वर्षांपूर्वीची. जोरात पाऊस झाला की ती भरायची आणि घाण पाणी तळघराच्या जमिनीतल्या जाळीतून उलटे वर यायचे. दुसऱ्या गल्लीतल्या माणसाने अशा वेळी शहराच्या नंबरला फोन केला असता. टॅनरी स्ट्रीट न्युंझिओच्या घरी फोन करी.

आणि न्युंझिओ जाई. जेवणावरून उठून, रविवारी चर्चमधून परस्पर, एकदा तर मेव्हण्याच्या लग्नातून काळ्या सुटातच. लाइन खरवडायच्या सळया खात्याच्या, कधी गाडीही खात्याची. लाइन मोकळी करायची, जमीन धुऊन काढायची, आणि पुढच्या वेळेसाठी त्या जाळीच्या भोकात तीन फुटांची उभी नळी आट्यांवर बसवून द्यायची, म्हणजे पाणी चढले तरी नळीतच चढेल. नियम असा की प्रत्येक कामाची चिठ्ठी करायची. न्युंझिओने गल्लीतल्या कामाची एकही चिठ्ठी केली नाही. चिठ्ठी केली की पत्ता आला, पत्ता आला की मागोमाग माणूस आला, आणि माणूस आला की चूल दिसली. त्यापेक्षा मोबदल्यात मिळालेली वाइनची बाटली नाहीतर भाजलेल्या मिरच्यांची बरणी बगलेत मारून घरी यावे. गल्लीत त्याच्या शब्दाला मान होता. खोटे कशाला सांगा, त्याला तो आवडतही होता.

त्या वर्षी केंद्राकडून शहराला साठ लाख डॉलर आले. एकदाच मिळणारे, पुन्हा नाही. नगर परिषदेपुढे तीन मागण्या होत्या: मोडकळीला आलेल्या घरांच्या दुरुस्तीला अनुदान, म्हाताऱ्या घरमालकांना घरपट्टीत सवलत, आणि जुन्या ड्रेनेज लाइनी बदलणे. तिन्ही रास्त, आणि पैसे दीड मागणीला पुरतील एवढे. जूनमध्ये परिषदेने लोकांचे म्हणणे ऐकायला सभा ठेवली. न्युंझिओ खात्यातर्फे शेवटच्या रांगेत बसला होता.

टॅनरी स्ट्रीटकडून असुंता गालियानो उभी राहिली. वय चौऱ्याऐंशी, घर नंबर एक्केचाळीस, सगळ्या गल्लीची झिया, म्हणजे मावशी. नवऱ्याच्या तुटपुंज्या पेन्शनीत घरपट्टी कशी भागवते ते तिने स्वच्छ सांगितले आणि सवलत मागितली. एवढ्यावर थांबली असती तर बरे होते. पण अध्यक्षा ग्वेन प्रॅट यांनी सहज विचारले की तुमच्या भागात ड्रेनेजची काही अडचण आहे का. झियाने पर्स पोटाशी धरली.

"आमच्या गल्लीत गटार झकास आहे," ती म्हणाली. "त्यात पैसे घालू नका."

मागे बसलेल्या टॅनरी स्ट्रीटने टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ शहराची इंजिनिअर डॅना हॉलिस उठली आणि तिनेही आकड्यांनी तेच सांगितले. लाइनी कोणत्या बदलायच्या ते गेल्या पाच वर्षांतल्या तक्रारींवरून ठरवले होते. पहिली लिंडन अव्हेन्यू, एकशे बेचाळीस तक्रारी. तिथे दातांचे डॉक्टर आणि वकील राहतात. मोरीला वास आला तरी फोन करतात. पैसे चार रस्त्यांपुरतेच, आणि यादीतल्या चौथ्या रस्त्याच्या तक्रारी एकोणीस. टॅनरी स्ट्रीटची एक, आणि तीही एका भाडेकरूची, जो नंतर टिकला नाही. ऑगस्टअखेरपर्यंतच्या तक्रारी धरून यादी पक्की होईल, आणि मतदान सप्टेंबरात.

न्युंझिओ आपल्या बुटांकडे बघत बसला. ती लाइन त्याच्याइतकी कोणी ओळखत नव्हते. दोन वर्षांपासून सळई ओढली की तिच्याबरोबर मातीचे तुकडे वर येत होते. अशी लाइन एक दिवस बसते, आणि बसली की वर येणारे पाणी उतरत नाही. तो मार्चमध्ये निवृत्त होणार, गुडघे आजच कुरकुरत होते. त्याच्यानंतर ही गल्ली कोणाला फोन करणार?

दुसऱ्या दिवशी तो हॉलिसच्या टेबलाशी गेला आणि टॅनरीची लाइन गेल्यात जमा आहे, एवढे बोलला. तिने त्याला बसायला सांगितले. पोरगी उद्धट नव्हती.

"मिस्टर टालारिको, तुमच्यावर माझा विश्वास आहे," ती म्हणाली. "पण परिषदेपुढे मला विश्वास जोडता येत नाही, कागद जोडावा लागतो. एखादी चिठ्ठी आहे का?"

चिठ्ठी नव्हती. नव्हती ती त्याच्यामुळेच. जिने उतरताना त्याला पहिल्यांदा उमगले की आपण इतकी वर्षे या लोकांची घाण उपसली आणि त्याच हाताने त्यांची तक्रारही पुसली. शहराच्या लेखी टॅनरी स्ट्रीट ठणठणीत होती, कारण न्युंझिओ टालारिको चांगला माणूस होता.

त्या आठवड्यात तो घरोघर गेला. पुढच्या वेळी पाणी आले तर मला नको, शहराला फोन करा, असे त्याने सांगितले. लोकांनी कॉफी पाजली, मान हलवली आणि विषय बदलला. सतरा नंबरच्या रोक्को सिरियानीने तर विचारले की निवृत्तीआधीच अंग काढतोस का रे. झिया असुंता पुढच्या ओट्यावर शेंगा निवडत होती. तिने ऐकून घेतले आणि शेंगांवरची नजर न काढता म्हणाली, "सवलत मिळाली तर वर्षाला चारशे डॉलर वाचतील. आणि चूल सापडली तर त्याच्या दुप्पट जातील. तुला हिशेब येत नाही, पोरा, तू गटारातच बरा."

न्युंझिओने लॉरेनला सगळे सांगितले. ती स्लोव्हाक घरातली, गल्लीत लग्न करून आलेली, आणि तेहतीस वर्षांनंतरही गल्ली तिला बाहेरचीच समजे. त्यामुळे तिला काही गोष्टी सरळ दिसत.

"तू जात राहशील तोवर ते कशाला फोन करतील?" ती म्हणाली. "तुला फक्त एकदा घरी बसायचंय."

"ते मला जमेल असं वाटतं तुला?"

"नाही," लॉरेन म्हणाली.

ऑगस्टचा शेवटचा शनिवार उजाडला. टोमॅटोचा दिवस. अख्खी गल्ली पहाटेपासून तळघरात होती. खोकी उतरली होती, मोठी पातेली चढली होती, वर्षाचा रस बरण्यांत भरला जात होता. दुपारी एकच्या सुमारास तळ्यावरून ढग आले आणि असा पाऊस कोसळला की समोरचे घर दिसेना. न्युंझिओ स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिला. रस्त्यातल्या चेंबरच्या झाकणाचा आवाज त्याच्या ओळखीचा होता. भरले, तो मनात म्हणाला.

दीड वाजता पहिला फोन रोक्कोचा. न्युंझिओने त्याला शहराचा नंबर सांगितला. रोक्कोने एक शिवी दिली आणि फोन आपटला. मग पंचवीस नंबर, मग बत्तीस. प्रत्येकाला त्याने तेच सांगितले, आणि दर वेळी त्याचा आवाज आणखी बारीक होत गेला. बूट दाराशी होते. लॉरेनने ते उचलले आणि कपाटात ठेवून दिले.

दोनला पाच कमी असताना झियाचा फोन आला.

"न्युंझिओ, आलं."

"किती?"

"घोट्याच्या वर. नळी भरून वाहतेय. चुलीवर दोन पातेली आहेत. ये."

"झिया, आधी गॅस बंद कर आणि वर ये. मग शहराला फोन कर."

पलीकडे ती पाण्यातून दोन पावले चालल्याचा आवाज आला.

"तू घरी आहेस?"

"आहे."

"आजारी आहेस?"

"नाही."

"मग?"

"मी येणार नाही, झिया."

"तुझी आई गेली तेव्हा मी तीन दिवस तुमच्या घरी शिजवून घातलं."

"विसरलो नाही."

"आणि तू येणार नाहीस."

"नाही," न्युंझिओ म्हणाला. "आज आलो तर ही लाइन कधीच बदलणार नाही. गॅस बंद कर. वर ये. नंबर फ्रिजवर चिकटवून गेलोय मी जूनमध्ये."

तिने फोन ठेवला. न्युंझिओ खुर्चीवर बसला. एकसष्ट वर्षांचा माणूस, दोन्ही हात मांड्यांवर, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. एक्केचाळीस नंबर त्याच्या घरापासून सहा घरे लांब. ती पायऱ्या चढली असेल का, गॅस बंद केला असेल का, काही कळायला मार्ग नव्हता. पाच मिनिटांनी त्याने उठून दाराची कडी काढली. लॉरेन दारात उभी राहिली.

"मी बघून येते," ती म्हणाली. "तू नाही."

ती छत्री न घेताच गेली आणि पंधरा मिनिटांनी निथळत परत आली. झिया वर होती, गॅस बंद होता. लॉरेनला तिने दारातूनच परत लावले होते, आणि वर सांगितले होते की नवऱ्याला म्हणावे बायकोच्या परकराआड लपू नकोस.

अडीच वाजता शहराची पिवळी गाडी उतारावरून खाली आली. मागोमाग दुसरी. कामावर त्याचेच लोक होते, त्यानेच शिकवलेले. खिडकीतून त्याने पाहिले की त्यांनी चुकीच्या चेंबरपासून सुरुवात केली आहे. बाहेर जाऊन नुसते बोट दाखवायचे होते. तो बाहेर गेला नाही. त्यांना खरे चेंबर सापडायला चाळीस मिनिटे लागली. त्या चाळीस मिनिटांइतके जड काम आपण नोकरीत कधी केले नाही, असे तो पुढे सांगत असे.

सोमवारी हॉलिसने त्याला बोलावून यादी दाखवली. शनिवारी दुपारी टॅनरी स्ट्रीटवरून तेवीस फोन आले होते. पंधरा घरांनी तरीही केला नव्हता. रोक्कोचा तीन वाजता होता. सगळ्यात पहिला, दोन वाजता बरोबर, घर नंबर एक्केचाळीस.

सप्टेंबरच्या सभेला दालन भरले होते. टॅनरी स्ट्रीट एका बाजूला बसली होती आणि न्युंझिओच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. हॉलिसने नवी यादी वाचली. टॅनरी चोवीस तक्रारींसह चौथी. आधीची चौथी, ग्रोव्ह स्ट्रीट, पाचवी, म्हणजे बाहेर. लिंडनकडचे सदस्य व्हिटकोम यांनी चष्मा काढला. पाच वर्षांत एक तक्रार आणि एका दुपारी तेवीस, यात काहीतरी ठरवून केलेले दिसते, असे ते म्हणाले. असे फोन धरायचे तर उद्या कोणतीही गल्ली फोन घेऊन बसेल.

बोलणे गैर नव्हते. हॉलिस कागद चाळू लागली. न्युंझिओ उठला. आपल्याला बोलावलेले नाही हे त्याला माहीत होते.

"तक्रारी आधीही होत्या, साहेब," तो म्हणाला. "त्या माझ्या घरी येत होत्या."

प्रॅट बाईंनी त्याला पुढे माइकपाशी बोलावले. त्याने सगळे सांगितले: किती वर्षे गेला, कोणाच्या सळया, कोणाची गाडी, आणि चिठ्ठी एकही नाही. आवाज चढवला नाही, सबब सांगितली नाही.

"हे नियमाविरुद्ध आहे, माहीत होतं तुम्हाला?" प्रॅट बाईंनी विचारले.

"हो."

"आणि या वेळी ते लोक आमच्याकडे कसे आले?"

"या वेळी मी गेलो नाही."

मग प्रॅट बाईंनी साधा प्रश्न विचारला: इतकी वर्षे या लोकांनी शहराला फोन का केला नाही? न्युंझिओ गप्प राहिला. स्वतःचे त्याने ओतून दिले होते. हे गुपित त्याचे एकट्याचे नव्हते. व्हिटकोम चष्मा पुसू लागले.

तेव्हा मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. झिया असुंता उभी होती, पर्स पोटाशी.

"त्याला कशाला विचारता? तो सांगणार नाही, गाढव आहे," ती म्हणाली. "आमची चूल खाली आहे. सगळ्यांची. वरच्या चुलीवर आम्ही फुलदाणी ठेवतो. घरपट्टीवाल्यांना कळू नये म्हणून फोन केला नाही. आता कळलं. लिहून घ्या."

प्रॅट बाईंनी कोपऱ्यात बसलेल्या घरपट्टी खात्याच्या बाईंकडे पाहिले. त्या गोंधळून उठल्या आणि म्हणाल्या की ड्रेनेजच्या चिठ्ठ्या आमच्याकडे येतच नाहीत. त्या दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात जातात आणि सात वर्षांनी रद्दीत. तळघरात नवे बांधकाम करायची परवानगी कोणी मागितली तरच आमचा माणूस जातो.

"म्हणजे पेलेग्रिनोनं परवानगी मागितली होती?" रोक्को मोठ्याने म्हणाला.

"तो नेहमीच शहाणपणा करायचा," झिया म्हणाली आणि खाली बसली.

कोणीतरी हसले, मग बरेच जण. न्युंझिओला हसू आले नाही. ते कपाट त्याच्या कचेरीच्या दोन मजले वर होते. एकोणचाळीस वर्षांत त्याने एकदाही जिना चढून विचारले नव्हते.

परिषदेने पाच विरुद्ध दोन मतांनी पाचही रस्ते घेतले. ग्रोव्ह स्ट्रीटला वाऱ्यावर सोडायला कोणी तयार नव्हते. वाढीव खर्च घरपट्टीच्या सवलतीतून काढला. चारशेची सवलत दोनशे नव्वदवर आली. घरदुरुस्तीच्या अनुदानाला हात लावला नाही. बाहेर पडताना झिया न्युंझिओजवळून गेली आणि न थांबता म्हणाली, "एकशे दहा डॉलर तुझ्या नावावर." गंमत की राग, ते तिच्या तोंडावरून कळले नाही.

पुढच्या आठवड्यात खात्याने त्याला लेखी ताकीद दिली. साहेबाला ती देताना त्याच्यापेक्षा जास्त अवघडल्यासारखे झाले. न्युंझिओने दोनदा वाचून सही केली. त्यातले एकही वाक्य चूक नव्हते.

हिवाळाभर गल्ली त्याच्याशी जपून बोलली. कोणी भांडले नाही, पण कोणी फोनही केला नाही. नोव्हेंबरात एकदा पाऊस झाला तेव्हा शहराची गाडी येऊन गेली आणि त्याला ते दुसऱ्या दिवशी कळले. तो त्या दिवशी फार चिडचिडा होता, असे लॉरेन सांगते.

मार्चमध्ये तो निवृत्त झाला आणि एप्रिलात टॅनरी स्ट्रीट खणायला घेतली. पहिला चर एक्केचाळीस नंबरसमोर. न्युंझिओ फुटपाथवर हात खिशात घालून उभा होता. आता तो तिथे कोणीच नव्हता. यंत्राने बादली वर काढली तेव्हा त्यात नळ नव्हता, चिखल आणि वीतभर लांबीची खापरे होती. हॉलिसने एक तुकडा उचलला, त्याच्याकडे पाहिले आणि काही न बोलता फोटो काढला.

आता घरातली जोडणी बदलायला तळघरात उतरावे लागणार होते. ठेकेदाराचा माणूस हेल्मेट हातात घेऊन एक्केचाळीसच्या ओट्यावर गेला. गल्लीतल्या बायका आपापल्या दारांत आल्या. झियाने दार उघडले, त्या माणसाला खालपासून वर न्याहाळले, मग त्याच्या खांद्यावरून चराकडे, त्या खापरांकडे आणि फुटपाथवरच्या न्युंझिओकडे बराच वेळ बघितले.

"एकटा नाही जायचं," तिने त्या माणसाला सांगितले. "खालचं सगळं त्याला ठाऊक आहे. ए न्युंझिओ, काय पुतळ्यासारखा उभा आहेस? याला घेऊन खाली जा. आणि दोघंही बूट पुसून."